नेट गेलं तरी गाणं चालू!

हार्ड डिस्क गाण्यांनी भरलीय, पण ती हॉलमधल्या स्पीकरवर वाजवायची कशी? गॅजेट निवडताना आम्ही रत्नागिरीकर आधी विचारतो, ‘पावसात नेट गेलं तर?’ आणि कंपनीनेच हात वर केले तर?

गुगलने २०१५ मध्ये आणलेल्या क्रोमकास्ट ऑडिओचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स २०१२ मध्ये गुंडाळला. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर ओपन सोर्स असल्याने ‘लिरियन’ नावाने आजही चालतं.

मी तेच निवडलं. छोटा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर, त्याला हार्ड डिस्क आणि डॅक. गाणी घरच्याच राउटरवरून फिरतात, नेट लागतच नाही. फक्त राउटर आणि पाय इन्व्हर्टरवर घ्या. आणि दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवाच! माझ्याकडचं नाट्यसंगीत बाबांच्या कॅसेट्सवरून उतरवलेलं आहे. त्या कॅसेट्सना कोकणातल्या दमट हवेत केव्हाच बुरशी लागलीय.