आधी काडतूस, मग पिस्तूल

गेल्या आषाढात वेल्ह्याकडचा एक तरुण माझ्याकडे भोरला आला. वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात, पण एसटीत बसणारा माणूस अजून वेल्ह्याचेच तिकीट मागतो. त्याचे वडील चैत्रात गेले होते. मागे कपाटात त्यांचे परवान्याचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणि काडतुसांची अर्धी पेटी राहिली होती. भाऊबंदकीत जमिनीचा वाद पेटलेला. "काका, हे जुनं देऊन दणकट ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. नऊ एमएम घेऊ की पंचेचाळीस? आणि ही काडतुसं त्यात चालतील ना?"

मी लष्करात नव्हतो, की इतिहासाचा पदवीधरही नाही. मावळातल्या जुन्या बंदुका पाहता पाहता त्यांच्या दारूगोळ्याचा नाद लागला, एवढेच. पण त्याचा शेवटचा प्रश्न खरा पहिला होता, हे मला लगेच कळले. पिस्तुलाची निवड म्हणजे मुळात काडतुसाची निवड असते.

आपण बोलताना 'ऑटोमॅटिक' म्हणतो ते बहुधा अर्धस्वयंचलित असते. घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते; रिकामे टरफल बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस नळीत सरकवणे एवढे काम पिस्तूल आपले आपण करते. त्यासाठी लागणारा जोर ते उडालेल्या काडतुसातूनच घेते. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब बेताचा, म्हणून त्याला वरच्या सरकत्या भागाचे वजन आणि एक स्प्रिंग पुरते. ९ मिमी किंवा .४५ ला तेवढ्याने भागत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत नळी आणि सरकता भाग एकमेकांत अडकवून ठेवावे लागतात. म्हणजे काडतूस बदलले की आतले सगळे यंत्रच बदलते.

आता जोराचे बोलू. .३२ पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास, ऊर्जा सुमारे १७५ ज्यूल. ९ मिमीची गोळी आठ ग्रॅमची, वेग साडेतीनशे मीटर. .४५ ची गोळी पंधरा ग्रॅमची, पण वेग अडीचशेच्या थोडा वर. या दोन्हींची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या अलीकडे-पलीकडे येते, .३२ च्या जवळजवळ तिप्पट. एक हलकी आणि चपळ, दुसरी जड आणि संथ. ऑस्ट्रियन गेओर्ग लुगर यांनी १९०२ च्या सुमारास पहिली बसवली. दुसरीचा आग्रह अमेरिकन लष्कराने धरला, कारण फिलिपाइन्समध्ये त्यांची .३८ रिव्हॉल्व्हरे तोकडी पडली होती. १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर चाचण्या झाल्या आणि १९११ मध्ये जॉन ब्राउनिंग यांचे .४५ पिस्तूल स्वीकारले गेले. यातले श्रेष्ठ कोणते, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. आपल्याकडच्या परवानाधारकाला मात्र त्यात पडायचे कारणच नाही.

कारण शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम. ज्या पिस्तुलात वा रिव्हॉल्व्हरमध्ये कडेचे .३८० किंवा .४५५, अथवा लष्करी ९ मिमी किंवा बिनकडेचे .४५ काडतूस बसून उडू शकते, ते निषिद्ध बोअर. गंमत अशी, की .३५७ मॅग्नम हे काडतूस ९ मिमीहून जोरकस असूनही या यादीत नाही. म्हणजे कायद्याची कसोटी ताकदीची नाही. सरकारी कोठारातली गोळी खाजगी शस्त्रात बसते का, एवढेच तो पाहतो. .३०३ रायफलीलाही हाच न्याय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र किंवा निषिद्ध काडतूस विनापरवाना बाळगण्याला सात ते चौदा वर्षांची कैद आहे.

या धोरणामागची भीती समजायला तोरण्या-राजगडाच्या काळात जावे लागते. तोड्याची बंदूक घरातल्या घरात पोसता येई. शिसे वितळवून साच्यात ओतले की गोळी तयार. सोरा, गंधक, कोळसा मिळाला की दारू. ठासणीच्या बंदुकीचेही तेच. प्रत्येक नळीचा साचा वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी आपल्या उपयोगाची नसे. पितळी काडतूस आले आणि हे चित्र पालटले. गोळ्या एकसारख्या झाल्या, पण त्या घरी होईनात. कारखाना ज्याच्या हाती, त्याच्या हाती बंदूकही गेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. सत्तावनच्या उठावाला तेव्हा बाराच वर्षे झाली होती, आणि त्या उठावाची ठिणगी काडतुसावरूनच पडली होती. पाठोपाठ १८७८ चा शस्त्र कायदा आला.

क्रांतिकारकांना हे पक्के ठाऊक होते. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली, ती पेटीच्या दुहेरी तळात लपवून आणि काडतुसांसह. नुसती पिस्तुले इथे लोखंडच ठरली असती. त्यांतल्याच एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे सावरकरांवर दुसऱ्या जन्मठेपेचा आरोप सिद्ध झाला तो पिस्तुले पुरवल्याचा.

राहिला त्या पेटीचा प्रश्न. मी त्यातले एक काडतूस टेबलावर उभे ठेवले. बुडाला बाहेर आलेली कड होती. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात काडतूस त्या कडेवर अडकून राहते. पिस्तुलाचे .३२ काडतूस आखूड असते आणि त्याची कड जवळपास बुडाबरोबरच असते, कारण ती सगळी मॅगझिनमध्ये एकावर एक बसून सरकायची असतात. दोघांचे नाव 'बत्तीस', पण एकाचे दुसऱ्यात चालत नाही. दुकानात नुसते 'बत्तीसची द्या' म्हणणारे मी ऐकले आहेत.

"म्हणजे चालणार नाहीत," तो म्हणाला.

"चालणं राहू दे. वडिलांचा परवाना वडिलांबरोबर गेला. चैत्रापासून हे कपाटात कुणाच्या नावावर आहे?"

तो गप्प झाला. परवानाधारक वारला की शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात, मग वारसाने आपल्या नावाने परवाना मागायचा. ताकदवान पिस्तूल शोधता शोधता त्याच्या घरात चार महिने बिनपरवान्याचे शस्त्र पडून होते, आणि तेही जमिनीचा वाद चालू असताना. विरोधी भावकीला एक अर्ज पुरला असता.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात जाऊन दोन्ही जमा करून आला. पावती दाखवायला आला तेव्हा पिस्तुलाचे नाव काढले नाही. काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरे का असतात, एवढेच विचारले. किर्की फॅक्टरी, मी म्हणालो, आपली खडकी.