जीएलएस घ्यावी की एक्स७? सव्वा कोटीच्या गाडीचा निर्णय शोरूममध्ये नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतो!

इन्स्टाग्रामवर रील्स बघताना कधी ना कधी हा वाद तुमच्याही समोर आला असेल. एकीकडे मर्सिडीज-बेंझ जीएलएस, दुसरीकडे बीएमडब्ल्यू एक्स७. खाली कमेंट्समध्ये दोन गट. एक म्हणतो, "मर्सिडीज म्हणजे मर्सिडीज." दुसरा म्हणतो, "चालवायची मजा बीएमडब्ल्यूतच."

पण एवढे पैसे मोजल्यावर घरच्यांना नेमकं काय मिळतं, आणि पस्तावायची वेळ कुठे येते, हे फारसं कोणी सांगत नाही. आज तेच समजून घेऊ.

दोन्ही गाड्या जर्मन, पण जन्म अमेरिकेतला

दोन्ही कंपन्या जर्मन असल्या तरी जीएलएसचा मूळ कारखाना अमेरिकेत अलाबामा राज्यात आहे आणि एक्स७ चा दक्षिण कॅरोलिनात. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग आणून त्या इथेच जोडल्या जातात. जीएलएस आपल्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये आणि एक्स७ चेन्नईजवळ. गाडी पूर्ण तयार होऊन आली असती तर आयात कर कितीतरी जास्त बसला असता. त्यामुळेच या दोन्ही गाड्या त्यातल्या त्यात आवाक्यात राहतात.

एक्स७ भारतात २०१९ मध्ये आली, सध्याच्या पिढीची जीएलएस २०२० मध्ये. सुधारित एक्स७ जानेवारी २०२३ मध्ये १.२२ कोटींपासून, तर सुधारित जीएलएस जानेवारी २०२४ मध्ये १.३२ कोटींपासून बाजारात आली. या एक्स-शोरूम किमती. त्यानंतर किमती बदलल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आला. त्यामुळे आजचा भाव शोरूममधूनच लेखी घ्या.

कागदावर फरक किती?

खरं सांगायचं तर थोडाच. दोन्हींमध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद आणि एअर सस्पेन्शन. पेट्रोलमध्ये दोघींची ताकद ३८१ हॉर्सपॉवर. डिझेलमध्ये जीएलएस ३६७ आणि एक्स७ ३४० हॉर्सपॉवर. लांबी जीएलएसची ५,२०९ मिलिमीटर, एक्स७ ची ५,१८१. म्हणजे फरक जेमतेम तीन सेंटिमीटरचा!

मग निवडायचं कशावरून? चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. गाडी तुम्ही चालवणार की ड्रायव्हर?

स्टिअरिंग स्वतःच्या हातात राहणार असेल तर एक्स७ जास्त आवडण्याची शक्यता आहे. एवढी अवजड गाडी वळणावर बऱ्यापैकी आवरलेली राहते. तुम्ही मागे बसणार असाल तर जीएलएसचं पारडं जड होतं. तिचा सगळा भर मागच्यांच्या आरामावर आहे आणि दोन चाकांमधलं अंतरही तीन सेंटिमीटरने जास्त आहे.

एक बारीक गोष्ट. सुधारित एक्स७ मध्ये एसीचा बराचसा कारभार टचस्क्रीनवर गेला आहे, जीएलएसमध्ये त्यासाठी वेगळी बटणं आहेत. घरात वडीलही गाडी चालवत असतील तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना सोबत न्या आणि "जरा एसी कमी करा" एवढंच सांगून बघा. उत्तर तिथेच मिळेल.

२. तिसऱ्या रांगेत नक्की कोण बसणार?

या गाड्यांची खरी परीक्षा इथे होते. दोन्हींच्या तिसऱ्या रांगेत मोठी माणसं बसू शकतात. पण बसू शकणं वेगळं आणि आजीला गुडघेदुखी असताना तिथपर्यंत पोहोचणं वेगळं.

एक्स७ मध्ये मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्यांचा पर्याय असतो. तो ऐसपैस वाटतो, पण एक जागा कमी होते. जीएलएस सात जणांची आहे. गणपतीला सगळं घर एकाच गाडीतून कोकणात न्यायचं असेल तर हा एका जागेचा फरक मोठा ठरतो.

आणि सगळ्या जागा भरल्या की सामान कुठे ठेवणार? तिसरी रांग उभी असताना जीएलएसच्या डिकीत ३५५ लिटर जागा उरते, एक्स७ मध्ये त्याहून कमी. म्हणजे सात माणसं आणि सात बॅगा हे गणित दोन्हीकडे जमत नाही. एक्स७ ची डिकी वर-खाली अशी दोन भागांत उघडते. खालच्या फळीवर मुलं मजेत बसतात, पण ती उघडायला मागे मोकळी जागा लागते.

३. पेट्रोल की डिझेल?

महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी वाहन कर बसतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हाच कर २० टक्के! कराची कमाल मर्यादा आता ३० लाख आहे.

जीएलएसच्या २०२४ च्या किमती धरू. पेट्रोल १.३२ कोटी, कर साधारण १७.१६ लाख. डिझेल १.३७ कोटी, कर साधारण २०.५५ लाख. म्हणजे डिझेलसाठी सुरुवातीलाच जवळपास ८.४ लाख जास्त.

आता समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी ८ किलोमीटर देते, डिझेल ९० रुपये आणि गाडी ११ किलोमीटर देते. किलोमीटरमागे वाचतात पावणेपाच रुपयांच्या आसपास. या हिशोबाने ते ८.४ लाख वसूल व्हायला सुमारे पावणेदोन लाख किलोमीटर लागतील. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याला साडेअकरा वर्षं!

म्हणून "डिझेल परवडतं" या कारणासाठी डिझेल घेऊ नका. लांबचे प्रवास खूप असतील, घाटात मिळणारी ताकद हवी असेल, तर जरूर घ्या. रोज शाळा आणि ऑफिस एवढंच असेल तर पेट्रोल बरं. सतत छोट्या फेऱ्या झाल्या तर डिझेलच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचून त्रास सुरू होतो.

४. गाडी राहणार कुठे?

बुकिंगच्या आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा. पाच मीटरच्या चौकोनात ५.२ मीटरची गाडी वीसेक सेंटिमीटर बाहेर राहणार. आरसे धरले तर दोन्हींची रुंदी दोन मीटरच्या वर जाते. शेजारी खांब असेल तर दार किती उघडेल तेही मोजा.

सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर तिथे लिहिलेली वजनाची मर्यादा वाचा. या गाड्या रिकाम्याच अडीच टनांच्या आसपास भरतात.

सेकंड हँड घ्यायचा मोह होत असेल तर...

काही वर्षं जुनी एक्स७ किंवा जीएलएस निम्म्या किमतीत दिसली की मन चळतं. पण एक लक्षात ठेवा, गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची नाही. एअर सस्पेन्शन, टायर, हेडलाइट, सगळं कोटीच्या गाडीच्याच भावाने मिळतं. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास आणि उरलेली वॉरंटी तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि गाडी नवी असो वा जुनी, विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्या. तुंबलेल्या पाण्यात इंजिन गेलं तर साधा विमा बहुधा हात वर करतो.

मग शेवटी कोणती?

स्वतः चालवणार, घरात चार-पाच माणसं आणि तिसरी रांग कधीतरीच लागणार, तर एक्स७. आईवडील, मुलं असा मोठा गोतावळा किंवा रोज मागे बसून प्रवास, तर जीएलएस. आणि पार्किंगमध्ये टेपने नकार दिला तर दोन्ही नकोत. थोडी लहान गाडी घेऊन सुखाने झोपलेलं केव्हाही चांगलं!

तुमच्या घरात तिसऱ्या रांगेत कोणाला बसावं लागतं? कमेंटमध्ये नक्की सांगा.