कीटदंशजन्य कंडू : गृहोपचार आणि आपले कर्तव्य

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटविषासाठी ‘कीटकल्प’ हा स्वतंत्र अध्याय आहे. तरीही पावसाळ्यात चिकित्सालयात येणाऱ्या कीटदंशाच्या रुग्णांस बहुधा केवळ कंडूशमन हवे असते. डासाच्या लाळेतील प्रथिनांना शरीर प्रतिसाद देते, हिस्टामिन स्रवते आणि गांधी उठते. खाजविल्याने कंडू वाढतो, त्वचा सोलवटते व पूयनिर्मितीचा धोका उद्भवतो. बालकांची नखे कापणे हाही उपचारच होय.

दंशस्थान साबण व पाण्याने धुवावे. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ सुमारे १० मिनिटे धरावा. त्वचा अखंड असल्यास उगाळलेल्या चंदनाचा अथवा कोरफडीच्या गराचा पातळ लेप द्यावा; जळजळ वाढल्यास तो धुऊन काढावा. मधमाशीची नांगी विनाविलंब काढावी. दंशावर चुना लावण्याची रूढी मात्र आम्ही कटाक्षाने मोडतो. चुना दाहक असून कोवळी त्वचा भाजते.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे, की लेप देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. श्वासास त्रास, ओठ-जिभेस सूज किंवा भोवळ आहे काय? असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. ताप आहे काय? ताप व काळी खपली एकत्र आढळल्यास स्क्रब टायफसची शंका घ्यावी. हा रोग चिगर माइटच्या अळीच्या दंशाने होतो. ही खपली बहुधा खाजत नाही आणि काखेत वा जांघेत दडलेली असते. तेथे लेपात दवडलेला दिवस रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.