जागेवर मिटवू नका

ताईंनो, भोर-वेल्ह्याकडून पुण्यात माल विकायला येताना नवले पूल लागतोच. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथल्या उतारावर एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली होती.

अपघात झाला की आधी जखमी माणूस बघा. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, कायद्यातच आहे ते. गाडीच्या नंबरचा फोटो काढा.

मग कारवाला म्हणतो, "ताई, दोन हजार घ्या, मिटवून टाका." नका घेऊ. मुका मार दुसऱ्या दिवशी कळतो! दवाखान्यातही "पडले" म्हणू नका, "गाडीने उडवलं" सांगा. कागदावर तेच येतं. बिलं जपून ठेवा, पोलिसांत तक्रार द्या.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करतात. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. अपघात पुण्यात झाला तरी दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात.

आणि "मी काय, घरीच असते" असं वकिलाला सांगू नका. गृहिणीच्या कामाचंही मोल भरपाईत धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सांगितलंय. पापड, शिलाई, शेळ्यांची कमाई गटाच्या वहीत असेल तर त्या पानांची झेरॉक्सही जोडा.