गच्चीवरची रंगीत मिरची

सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या खान्देशी घरांत मिरची ताटात हवीच; शोभेची मिरची मात्र कुंडीत, आभाळाकडे तोंड करून पिकते. एकाच झाडावर जांभळी, पिवळी, केशरी, लाल फळं दिसतात. हे रंग म्हणजे एकाच फळाच्या पिकण्याच्या पायऱ्या. हिरवा आणि जांभळा रंग ओसरत जातो, तसा लाल उजळतो.

सुरतेत बी सप्टेंबरअखेर पेरावं. जून ते सप्टेंबरच्या पावसात कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात फुलं गळतात; हिवाळाच तिचा खरा हंगाम. आठ इंची कुंडी, पाच-सहा तास ऊन पुरे. फळं खाता येतात, झणझणीत असतात. पण रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावरची आधीची फळं फवारणीमुळे खाऊ नयेत. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशीच कुंडी ठेवा.