घराला कुलूप आणि आत मांजर

सोलापूरहून लांबच्या मुक्कामाला निघण्याची कारणं ठरलेली असतात. निवृत्त जोडपं लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जातं आणि व्हिसावर मिळणारे सहा महिने पुरेपूर राहून येतं. पद्मशाली कुटुंबं लग्नसराईत तेलंगणातल्या नातेवाइकांकडे जातात. कुणी काशीला, कुणी चारधामला, तर मे महिन्यात अनेक जण मुलांकडे पुण्याला नाहीतर बंगळुरूला. निघण्याआधी दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगून होतं, गॅसचा कॉक बंद होतो, तुळशीची कुंडी शेजारच्या कट्ट्यावर जाते. मांजराचा विषय या यादीत बहुतेक वेळा शेवटी येतो आणि ‘खायची सोय केली की झालं’ एवढ्यावर मिटतो. लांबच्या गैरहजेरीत मांजराला धोका होतो तो मात्र उपाशी राहण्यापेक्षा दुर्लक्षामुळे. त्यामुळे सोय तीन गोष्टींची करावी लागते. मांजर शक्यतो स्वतःच्या घरात राहावं, रोज एका माणसानं येऊन त्याच्याकडे नीट पाहावं, आणि काही बिघडलं तर मालकाला न विचारता पाऊल उचलण्याची मोकळीक त्या माणसाला असावी. पहिल्या दोन गोष्टी अनेकांना सुचतात. तिसरी राहून जाते आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो.

पूर्वी हा प्रश्न का पडत नव्हता, हे आधी पाहायला हवं. वाड्यात किंवा गिरणगावातल्या चाळीत घर सहसा पूर्ण बंद होत नसे. आजी, काकू, शेजारीण, कुणी ना कुणी मागे असायचंच. मांजरही अर्धं घरचं आणि अर्धं गल्लीचं असे; धान्याच्या कोठीभोवतीचे उंदीर मारावेत आणि चार घरचं चाखावं, असा त्याचा संसार. आज फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराचं तसं नाही. त्याचं ऑपरेशन झालेलं असतं, ते पाकिटातलं कोरडं खाणं खातं, ट्रेमधल्या वाळूत जातं, आणि खिडकीच्या जाळीपलीकडचं जग त्यानं फक्त बघितलेलं असतं. ‘मांजर आपलं आपण बघतं’ हा अनुभव जुन्या मांजराचा होता. तोच या मांजराला लावून त्याला महिनाभरासाठी गल्लीत सोडलं, तर वाहनं, कुत्री आणि आपापला इलाका राखून असलेले बोके यांच्याशी त्याची पहिली गाठ तिथेच पडते. कायद्यालाही हे मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातलं कलम ११ मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि भूक-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं, या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरवतं. पहिल्या वेळच्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये! म्हणजे कायद्याच्या धाकानं कुणी सोय करील ही आशा व्यर्थ आहे. ती आपल्यालाच करावी लागणार.

आता पहिली गोष्ट, जागेची. पाळीव मांजराचा पूर्वज हा आफ्रिका आणि पश्चिम आशियातला एकट्यानं शिकार करणारं रानमांजर. कळपाचा आधार नसलेल्या प्राण्याला स्वतःचा इलाका नीट ठाऊक असणं हाच आधार. म्हणून मांजर दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला आणि आपल्या पायांना गाल घासत फिरतं. आपला वास ठेवून जागा ओळखीची करून घेतं. हा वास नसलेल्या जागी नेलं, की ते पलंगाखाली नाहीतर कपाटामागे दडी मारतं आणि खाणं टाकतं. मांजरांच्या बोर्डिंगवरचा एक जुना अभ्यास यावर बोलका आहे. केसलर आणि टर्नर यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात १४० मांजरांवर दोन आठवडे नजर ठेवली होती. पहिल्या चार दिवसांत त्यांचा ताण झपाट्यानं उतरला आणि सुमारे दोन तृतीयांश मांजरं बऱ्यापैकी रुळली. उरलेल्या एक तृतीयांशांना मुक्काम जड गेला, आणि सुमारे चार टक्के तर बोर्डिंगमध्ये ठेवायलाच नको होती, असा निष्कर्ष निघाला.

यावरून बोर्डिंग सरसकट वाईट ठरत नाही. मागे ठेवायला माणूसच नसेल, तर चांगलं बोर्डिंग बंद घरापेक्षा केव्हाही बरं. पण आपलं मांजर कोणत्या गटात मोडतं हे विमानात बसल्यावर कळून उपयोग नाही. म्हणून मोठ्या प्रवासाच्या महिनाभर आधी दोन रात्री तिथे ठेवून बघावं. जागा पाहताना दोन प्रश्न विचारावेत. कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येणार नाही अशी वेगळी खोली आहे का? आणि आत येणाऱ्या प्रत्येक मांजराचे लसीकरणाचे कागद तपासले जातात का? मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जमिनीवर आणि भांड्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे दुसरा प्रश्न औपचारिक नाही. शिवाय पिंजऱ्यात लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवायला सांगावं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात आश्रयगृहात नव्यानं आलेल्या ज्या मांजरांना असं खोकं मिळालं, ती खोकं न मिळालेल्यांपेक्षा लवकर शांत झाली.

मांजर घरातच ठेवायचं म्हटलं, की दुसरी गोष्ट येते, रोज येणाऱ्या माणसाची. तिच्यावर एक आक्षेप असतो. मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही. मग वेळेवर खाणं ओतणारं यंत्र आणि मोबाइलवर दिसणारा कॅमेरा लावला की माणसाची गरज काय? मांजराला माणसाचा लळा किती, यावर संशोधकांचंही एकमत नाही. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठानं २०१५मध्ये सांगितलं, की मालकावर सुरक्षिततेसाठी विसंबण्याची खूण मांजरांत सापडत नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठानं उलट निष्कर्ष काढला: तपासलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६४ टक्क्यांत ती खूण होती. हा वाद तसाच ठेवला तरी चालेल, कारण माणूस हवा तो लळ्यासाठी नंतर, आधी आजार ओळखण्यासाठी हवा. मांजर दुखणं लपवतं आणि त्याची काही दुखणी तासांच्या हिशेबानं वाढतात.

उदाहरणार्थ बोक्याची लघवी तुंबणं. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. ताण, कमी पाणी आणि नुसतं कोरडं खाणं एकत्र आलं, की तो बंद होण्याची भीती वाढते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, खालची जागा चाटत राहतो, पण वाळू कोरडीच. बघणाऱ्याला वाटतं, पोट साफ होत नाहीये. उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. हे कॅमेऱ्यात कळत नाही, कारण कॅमेऱ्यात ट्रेमध्ये बसलेलं मांजर दिसतं, ट्रेमध्ये काय पडलंय ते दिसत नाही. रोज वाळू उपसणाऱ्याला मात्र ते लगेच कळतं: काल ओल्या वाळूचे तीन गोळे निघाले होते, आज एकही नाही. दुसरं दुखणं खाणं सुटण्याचं. अंगानं भरलेल्या मांजरानं काही दिवस खाल्लं नाही, की शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच निकामी व्हायला लागतं. खाणं ओतणाऱ्या यंत्राला याचा पत्ता नसतो. ते शिळ्यावर ताजं ओतत राहतं आणि मोबाइलवर ‘खाणं दिलं’ असा निरोप येत राहतो. यंत्रं मदतीला जरूर असावीत. पण पहाटे वाडगी भरण्यापलीकडे त्यांच्यावर भरवसा टाकू नये.

सोलापुरात या सगळ्यावर ऊन आणि पाणी यांची भर पडते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या बराच वर जातो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, खिडक्या लावलेल्या बंद घरात दुपारी काय होत असेल, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पंखा चालू ठेवून गेलं तरी वीज गेली की तो थांबणार. म्हणून उन्हाळ्यात मांजराला खालच्या बाजूची, थंड फरशीची, हवा खेळती राहील अशी जाळीच्या खिडकीची खोली मोकळी ठेवावी. न्हाणीघराचं दारही उघडं राहील, पण बादलीत तोंड घालून मांजर आत पडणार नाही, याची काळजी घ्यावी. मांजराला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर पाणी लागतं. चार किलोच्या मांजराला म्हणजे पेलाभर. कोरड्या खाण्यात पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे ते बहुतेक सगळं वाडग्यातून यावं लागतं. दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवून ती रोज विसळून भरावीत. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे लक्षात घेऊन मांजराच्या पाण्याचा हंडा वेगळा भरून ठेवावा आणि तो कुठे आहे ते येणाऱ्याला दाखवावं.

याच पाण्याच्या अडचणीत सोलापूरच्या माणसाची एक सोयही दडलेली आहे. पाण्याचा वार चुकू नये म्हणून गावाला जाणारा शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जातो. शेजारी कॉक उघडतो, टाकी भरतो, मोटार बंद करतो. किल्ली देण्याइतका विश्वास आणि त्याच्या बदल्यात पुढच्या वेळी आपण कॉक उघडण्याची जबाबदारी, हा व्यवहार इथे आधीपासूनच रुळलेला आहे. मांजराची सोय त्याच्यावरच उभी करता येते. शेजारी लिंगायत किंवा जैन असला आणि मासे-मटणाला हात लावणार नसला, तर तो अडथळा मानू नये. पाकिटातलं खाणं चमच्यानं काढून द्यायला अनेकांची हरकत नसते, आणि तीही असली तर खाणं सकाळी यंत्रानं पडू द्यावं, शेजाऱ्यानं फक्त पाणी, वाळू आणि मांजर बघावं. दूध-पोळीवर भागवू नये, एवढं मात्र आवर्जून सांगावं. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, आणि मांसाहारातून मिळणारं टॉरिन न मिळाल्यास दीर्घकाळात त्यांचं हृदय आणि डोळे खराब होतात. सहा महिन्यांचा मुक्काम असेल, तर केवळ शेजारधर्मावर विसंबणं शेजाऱ्यावरच अन्याय करणारं आहे. अशा वेळी कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा घरकाम करणारी मावशी यांना महिन्याचे ठरावीक पैसे देऊन नेमावं आणि शेजाऱ्याकडे आठवड्यातून एकदा नजर टाकण्याचं काम ठेवावं. परक्याला किल्ली देण्याची भीती वाटत असेल, तर दागिने आणि कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून मांजराच्या खोलीची आणि बाहेरच्या दाराची किल्ली तेवढी द्यावी.

तिसरी गोष्ट, मोकळीक. अमेरिकेच्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ ते साडेतेरा तासांचं अंतर असतं. इथे दुपारी बोका कण्हायला लागला तेव्हा तिथे मध्यरात्र असते, फोन उचलला जात नाही, आणि ‘विचारल्याशिवाय दवाखान्यात कसं न्यायचं, पैसे कोण देणार’ या संकोचात संध्याकाळ होते. हा संकोच आधीच दूर करून जावं. एका कागदावर मांजराचं वय, वजन, लसींच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर आणि सुट्टीच्या दिवशी जायचा दुसरा दवाखाना लिहावा. पशुवैद्यांना आधीच भेटून ‘या व्यक्तीनं आणलं तर उपचार करा, पैशांची हमी माझी’ असं सांगावं आणि काही रक्कम सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावी. कागदावर नियमही स्पष्ट असावेत: एक दिवस खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, बोका ट्रेमध्ये कुंथत असेल आणि वाळू कोरडी असेल तर त्याच क्षणी दवाखाना, घरातलं माणसांचं कोणतंही औषध नाही. शेवटचा नियम ठळक लिहावा, कारण अंग गरम लागलं म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

‘मग बरोबरच नेलं तर?’ असा शेवटचा प्रश्न राहतो. लेकाकडे पुण्याला दोन महिने राहायचं असेल आणि त्या घराला जाळ्या असतील, तर मोटारीनं नेणं जमण्यासारखं आहे. रेल्वेनं मात्र प्राणी सोबत ठेवायचा, तर पहिल्या वर्गाचा कूपे अख्खा घ्यावा लागतो. वंदे भारतसारख्या खुर्चीच्या गाडीत तो मार्गच नाही. नव्या घरी मांजर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावं, नाहीतर दार उघडताच ते निसटतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८मध्ये हरवलेल्या बाराशेहून अधिक मांजरांची माहिती तपासली तेव्हा सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. म्हणजे निसटलेलं मांजर लांब जात नाही, जवळच कुठे तरी गप्प बसून राहतं. पण अनोळखी वस्तीत ती जवळची जागा शोधणार कोण? लांबच्या देशाचा किंवा यात्रेचा प्रवास असेल, तर नेण्याचा विचारच सोडावा.

एवढा खटाटोप एका मांजरासाठी कशाला, असं कुणी म्हणेल. हिशेब करून पाहिला तर खटाटोप फार नाही: रोजची वीस मिनिटं, एक कागद, एक किल्ली आणि थोडे पैसे. अवघड आहे ते माणूस मिळणं, आणि तो तिकीट काढल्यावर शोधायचा नसतो. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी असा एक माणूस आजच हेरून ठेवावा, सणासुदीच्या दोन दिवसांच्या गावजत्रेत त्याच्यावर जबाबदारी टाकून पाहावी आणि त्याच्या घरच्या गैरहजेरीत त्याचंही काहीतरी सांभाळावं. आणि ज्यांना अजून मांजर आणायचंय पण असा एकही माणूस डोळ्यांपुढे येत नाही, त्यांनी पिल्लू घरी आणण्याचा बेत तो मिळेपर्यंत लांबणीवर टाकावा.