सखू, बया आणि रतन

हंसा वाडकर हे नाव मुळात एका मुलीला झाकण्यासाठी घेतले गेले. रतन साळगावकर घरच्या गरजेपोटी कोवळ्या वयात चित्रपटात गेली. घराण्याचे नाव सिनेमाच्या जाहिरातीत नको, म्हणून तिला दुसरे नाव मिळाले. १९३६च्या ‘विजयाची लग्ने’पासून ते पडद्यावर आले.

पुढे तिच्या दोन प्रतिमा घडल्या. प्रभातच्या ‘संत सखू’त (१९४१) ती सोशिक सून झाली, तर राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’त (१९४७) बया. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) तमाशाची नायिका हीच तिची ओळख पक्की केली. आमच्या वरकुट्यात आणि इंदापूर-बारामतीकडच्या जुन्या माणसांशी बोलताना मला हेच जाणवते. बाईचे नाव पटकन आठवत नाही. ‘सांगत्ये ऐकातली’ म्हटले की ओळख पटते.

१९७०मध्ये तिचे आत्मकथन आले. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेला हा मजकूर आधी ‘माणूस’मधून प्रसिद्ध झाला होता. लग्न झाले की काम सोडून संसार करायचा, ही तिची साधी इच्छा होती. पण घर तिच्या मिळकतीवर चाले, त्यामुळे लग्नानंतरही स्टुडिओ सुटला नाही. नवऱ्याचा संशय, दारू, घर सोडणे, मराठवाड्यातल्या एका घरात पडद्याआड काढलेले दिवस हे सारे तिने आडपडदा न ठेवता सांगितले.

तुकोबांची पालखी आमच्याच भागातून जाते, त्यामुळे सखूची ओढ इकडे कुणाला समजावून द्यावी लागत नाही. सखूला घरातून सुटून पंढरपूर गाठायचे होते. सखू रंगवणाऱ्या बाईला मात्र सेटवरून सुटून घर गाठायचे होते. तिच्या झगमगाटाचा हिशेब इथे लागतो: ज्या पैशाने घर उभे होते, त्याच पैशाने तिला घरात बसू दिले नाही.

या आत्मकथनाचे नावही चित्रपटाचेच आहे. ‘माणूस’ चित्रपटातली मैना, शांता हुबळीकर, यांनीही आपल्या आत्मचरित्राला ‘कशाला उद्याची बात’ हे त्यातल्या गाण्याचेच नाव दिले. लोकांनी ऐकावे म्हणून दोघींनाही आधी त्यांच्या ओळखीच्या दारातूनच यावे लागले.

१९७७मध्ये श्याम बेनेगल यांनी या कथनावरून ‘भूमिका’ केला. त्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे रतनची कहाणी पुन्हा पडद्यावरच गेली, आणि तीही दुसऱ्या तारकेच्या चेहऱ्याने.

म्हणून अशा आत्मकथनाकडे ‘नटीच्या भानगडी’ म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. ती एका मिळवत्या बाईची जबानी आहे. पडद्यावर तिला दुसऱ्यांनी लिहिलेले बोलावे लागले. इथे शब्दांकन दुसऱ्याचे असले, तरी काय सांगायचे हे तिने स्वतः ठरवले.